आल्सासच्या एका द्राक्षघरीं

मद्याच्या तळघरांत मी कधीं पाऊल टाकीन, आणि त्याहून नवल म्हणजे त्याची हकीकत एका कुटुंबमासिकांत लिहीन, असें मला कोणीं सांगितलें असतें तर मीं त्याला वेड्यांत काढलें असतें. म्हणून आरंभींच सांगून टाकतों, कीं प्रस्तुत लेखक मद्य घेत नाहीं. शिक्षणासाठीं घर सोडतांना आईला दिलेला शब्द त्यानें आजवर पाळला आहे, आणि पुढें सांगावयाच्या प्रसंगींही तो मोडलेला नाहीं. तेव्हां वाचकांनीं, व विशेषतः वाचकभगिनींनीं, नाक मुरडून पान उलटूं नये अशी विनंती आहे.

माझा पुतण्या स्ट्रासबुर येथील विद्यापीठांत शिकतो. गेल्या सप्टेंबरांत त्याच्या आग्रहावरून मी व माझी पत्नी तिकडे गेलों. त्याच्या एका सहाध्यायाच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळे आणि मद्यशाळा. ऐन तोडणीच्या दिवसांत त्या मंडळींनीं आम्हांस जेवावयास बोलाविलें होतें. घर रिकवीर या गांवाजवळ. कोलमार शहराहून तेथें जातांना उजव्या हातास ऱ्हाईन नदीचें सपाट खोरें दिसतें, आणि डावीकडे व्होज पर्वताची निळसर रांग. त्या रांगेच्या पायथ्याशीं सगळ्या उतारांवर वेलींच्या ओळी आखल्यासारख्या लागल्या आहेत. रिकवीर हें तटबंदीचें जुनें गांव. त्याचा दोल्दर नांवाचा दरवाज्यावरील बुरूज १२९१ सालचा. लांकडी चौकटींचीं रंगीत घरें, खिडक्यांत फुलें, मधूनच एखाद्या धुराड्यावर करकोच्याचें घरटें. चित्रांतलें गांव म्हणतात तें हेंच.

येथें द्राक्षें कां पिकतात याचें कारण मात्र आपल्या कोणाही घाटावरच्या माणसाला चटकन् उमजेल. पश्चिमेचे ढग व्होजच्या माथ्यावर रिते होतात, आणि पलीकडे कोलमारच्या वांट्याला वर्षाकाठीं ६०० मिलिमीटरांहून कमीच पाऊस येतो. महाबळेश्वरीं आभाळ फाटावें आणि माण तालुक्यानें तोंडाकडे बघत बसावें, तसाच हा प्रकार! फरक इतकाच, कीं आल्सासच्या लोकांनीं त्या कोरडेपणाचें सोनें केलें. याच गांवीं ऊगेल घराणें १६३९ पासून आणि शेजारच्या रिबोव्हिलेचें त्रिम्बाख घराणें १६२६ पासून हाच धंदा करीत आलें आहे. आमचे यजमान त्यांच्या मानानें लहान. नांव छापावयाची त्यांची इच्छा नाहीं, म्हणून देत नाहीं.

घरांतील कर्ती व्यक्ति म्हणजे शहाऐंशीं वर्षांच्या आजी. त्यांनीं स्वतः आम्हांस तळघरांत नेलें. ओकच्या लांकडाचीं प्रचंड लंबगोल पिंपें दोहों बाजूंस ओळीनें उभीं होतीं. त्यांतील कांहीं आजींच्या पणजोबांच्या वेळचीं. या प्रांतांत बाटलीवर बहुधा द्राक्षाच्या जातीचें नांव लिहितात. सिल्व्हानेर, पिनो ब्लां, रीसलिंग, म्युस्का, पिनो ग्री व गेव्युर्त्सट्रामिनेर या पांढऱ्या वाईन, आणि तांबड्यांत एकटी पिनो न्वार. यजमानांच्या नातवानें एकेक पेला आमच्या हातीं दिला व म्हटलें, "पिऊं नका, पण वास तर घ्या, वासानें व्रत मोडत नसेल ना?" रीसलिंगला लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ वास होता. गेव्युर्त्सट्रामिनेरच्या नांवांतला पहिला शब्द जर्मन भाषेंत मसाल्याचा वाचक आहे. तिला गुलाबाचा आणि लिचीचा असा कांहीं सुगंध, कीं पत्नीला गुलकंदाच्या बरणीचीच आठवण झाली.

आजींनीं विचारलें, "तुमच्या घरीं हें मुळींच नसतें?" मी मोठ्या तोऱ्यानें "नसतें" म्हणालों. तोंच पुतण्या हंसून म्हणाला, "काका, आपल्या फडताळांतलें द्राक्षासव?" मी वरमलों. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव, तितक्याच पाण्यांत घालून, हें आमच्या सोंवळ्या आजीचें नित्याचें औषध. आणि तेंही द्राक्षें आंबवूनच होतें! आजींना तें समजावून सांगतांच त्या म्हणाल्या, "मग आपलें एकच. आम्हीही जेवणाबरोबरच घेतों. जेवणावांचून पिणारा तो दारुडा."

जेवणघरांत गेल्यावर या बोलण्याचा अर्थ उलगडला. आपण पानांत डावी बाजू व उजवी बाजू वाढतों, कोशिंबिरीची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली. तशीच तेथें कोणत्या पदार्थाशेजारीं कोणती वाईन बसावयाची याची रीत ठरलेली आहे. कांद्याच्या भाजलेल्या पोळ्यासारख्या पदार्थाशीं हलकी सिल्व्हानेर. वसंतांत निघणाऱ्या शतावरीच्या कोंवळ्या कोंबांबरोबर म्युस्का. मीठ लावून आंबविलेल्या कोबीचा 'शुक्रूत' हा तिकडचा प्रसिद्ध पदार्थ. त्यांत मांसाचे तुकडे असतात, म्हणून चरबी कापणारी आंबटसर रीसलिंग हवी. तुपाच्या वरणभातावर आपण लिंबू पिळतों, त्यांतलेंच हें शास्त्र. आळंब्यांच्या रश्शाशीं भरदार पिनो ग्री. आणि म्युन्स्टेर नांवाच्या चीजशीं गेव्युर्त्सट्रामिनेर. या चीजचा दर्प इतका उग्र, कीं पत्नीनें पदर नाकाशीं नेला. पण त्यावर शहाजिऱ्यासारखे दाणे भुरभुरवून त्यांनीं तें पुढें केलें तेव्हां, दर्प आणि चव या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत हें आम्हांस कळलें. उग्राला सौम्य जोडावयाचें नाहीं, तोडीस तोड सुगंधच द्यावयाचा, असा तेथला न्याय.

आम्हां शाकाहाऱ्यांसाठीं घरच्या भट्टींत साय व कांदा पसरलेली पातळ, खरपूस भाकरीसारखी 'तार्त फ्लांबे' डुकराचें मांस वगळून केली होती. पूर्वीं पाव भाजण्याआधीं भट्टी कितपत तापली हें पाहण्यासाठीं शेतकरणी ही टाकीत. 'बेकऑफ' या पदार्थाची हकीकत तर पत्नीनें वहींत टिपून घेतली. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. चुलीशीं उभें राहण्यास सवड नाहीं. म्हणून आदले रात्रीं मांस व बटाटे वाईनमध्यें भिजवून मातीच्या भांड्यांत घालावयाचे, झांकणाची फट कणकेनें लिंपावयाची, आणि भांडें पाववाल्याच्या भट्टींत ठेवून नदीवर जावयाचें. पदार्थ आपला नसला तरी कष्ट कोणत्या बाईला अनोळखी आहेत? शेवटीं बदाम व मनुका घातलेला 'कुगलोफ' आला. वाईनच्या जागीं आमच्यापुढें त्याच सकाळीं पिळलेला द्राक्षांचा रस होता. कोणीं आग्रह केला नाहीं. "दिलेल्या शब्दाला आग्रह करावयाचा नसतो," इतकेंच आजी म्हणाल्या.

जेवणें झाल्यावर त्यांनीं एक जुनी हिशेबाची वही काढली. आल्सास १८७१ सालीं जर्मनीकडे गेला, १९१८ सालीं फ्रान्सकडे आला, १९४० सालीं पुन्हां जर्मनांनीं घेतला, आणि १९४५ पर्यंत तो पुन्हां फ्रेंच झाला. घर न सोडतां माणसांचें राष्ट्र चार वेळां बदललें. १९४२ सालापासून तेथल्या तरुणांना जर्मन सैन्यांत सक्तीनें भरती करण्यांत आलें; आल्सास व मोझेल मिळून असे सुमारें १,३०,००० लोक होते. आजींचे वडील त्यांतलेच. ते रशियाच्या आघाडीवरून परत आले नाहींत. मागें राहिलेली बायको, चार वर्षांची मुलगी, आणि धाकटा भाऊ. मळा त्या भावानें सांभाळला. तो सगळा आपलाच म्हणून बसला असता तर त्याला विचारणारें कोण होतें? पण त्या वहींत वर्षावर्षांस भावाच्या हिश्श्याची वेगळी ओळ आहे: इतकें पीक, इतका खर्च, इतकी शिल्लक. मुलगी वयांत आल्यावर त्यानें ती वही तिच्या हातीं ठेवली. फ्रान्सच्या कायद्यानें सर्व मुलांना सारखा वांटा मिळतो, त्यामुळें मळ्यांचे तुकडे होतात. या घरींही कागदावर हिस्से झाले. पण सर्वांनीं मिळून जमीन एका मंडळाकडे सोंपविली, आणि तळघर एकच ठेवलें. "तळघराला भिंत घातली तर पिंपें कोठें ठेवणार?" असें त्या सहज बोलून गेल्या.

मीं पुतण्याकडे पाहिलें. तो मुद्दाम दुसरीकडे पाहत होता. येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रत्नागिरीकडे आमची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. वडील गेल्यापासून ती दादा, म्हणजे याचे वडील, एकटे सांभाळतात. आणि मी पुण्यांत बसून वर्षभर वांटणीचा हट्ट धरला होता. अर्धी बाग मोजून घेऊन विकावी, असा माझा बेत. वकिलाकडून तयार झालेले कागद निघतांना टेबलावर ठेवून आलों होतों. दादांनीं आजवर एकदांही हिशेब दाखविला नाहीं, ही माझी तक्रार. पण मींही कधीं मोहराच्या दिवसांत तेथें जाऊन फवारणीला हात लावला नव्हता, हें त्या तळघरांत मला प्रथमच आठवलें.

परतीच्या वाटेवर पुतण्या एवढेंच म्हणाला, "काका, बाबा वही ठेवतात. तुम्ही कधीं मागितलीच नाहीं." त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

घरीं आल्यावर मीं ते कागद वकिलाकडे पाठविले नाहींत. दादांना स्वहस्तें पत्र लिहिलें. उत्तर चार ओळींचें आलें: "आंब्याच्या दिवसांत दोघेही या. वही काढून ठेवतों." वांटणीचा प्रश्न सुटला असें नाहीं. कदाचित् कागदावर हिस्से होतीलही. पण येत्या वैशाखांत आम्ही सर्वजण एका पंक्तीस बसणार आहों, आमरसाचें पातेलें एकच असेल, आणि जेवणानंतर फडताळांतलें द्राक्षासव मी स्वतः, आलटून पालटून न पाहतां, दादांना चमच्यानें मोजून देणार आहें.