गावाकडच्या वाटेवरचे थांबे

दिवाळीला तीन आठवडे उरले, की लिंबायतमधल्या घराघरांत एकच विषय निघतो : ‘गावले जानं शे.’ नीलगिरी सर्कलजवळच्या एका खोलीत यंदा त्याला पुढचं वाक्य जोडलं गेलं आहे. या वेळी गाडी करून जायचं, थांबत थांबत जायचं. टिकल्या लावायला आलेल्या साड्यांचा गठ्ठा आईने भिंतीशी सरकवला आहे आणि सातवीतल्या मुलीने वहीचं जोडपान फरशीवर पसरलं आहे. डाव्या टोकाला सुरत, उजव्या टोकाला चाळीसगावजवळचं गाव. मधलं पान कोरं.

वर्षानुवर्षं ते कोरंच राहिलं. खानदेशातून सुरतेच्या लूमवर आणि मिलमध्ये आलेल्या माणसांना मधला मुलूख क्वचितच दिसतो. उधन्याला रात्रीची गाडी धरायची, दाराजवळ पिशवीवर बसून डोकं गुडघ्यांवर टेकायचं. डोळे उघडतात तोवर नंदुरबार गेलेलं असतं, दोंडाईचा गेलेलं असतं. बारा तासांची पाळी करणाऱ्याला निवांत सुटी मिळते ती संचे थांबतात तेव्हा, दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत. मोजक्या दिवसांतला एखादा वाटेवर खर्चायचा, हा विचारच आजवर या घरात कुणी केला नव्हता.

पहिला थांबा सापुतारा. बारडोली, व्यारा, वघई आणि मग डांगच्या सागवानातून वर चढणारा घाट. सुमारे 160 किलोमीटर रस्ता आणि हजार मीटरच्या आसपास उंची. धाकट्याला तिथल्या तळ्यातली होडी हवी आहे, आईला नागलीचे पापड. वडिलांच्या डोक्यात वेगळाच हिशेब. इको भाड्याची, राज्याची हद्द ओलांडायची, म्हणजे परमिट आणि कर आधी बघायला हवा. सुरतेत सीएनजीचे पंप जागोजागी आहेत. डोंगरात त्या भरवशावर राहता येत नाही. मुलीने समासात ‘व्यारा – टाकी’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दुसरा थांबा आजीचा. त्यावर चर्चा नाही.

सप्तशृंगी देवीचं माहेर खानदेश, ही तिकडची जुनी श्रद्धा. चैत्रात खानदेशातली माणसं उन्हातान्हात पायी गडाकडे निघतात. आजीही तरुणपणी अशीच गेली होती. कड्याच्या दगडात कोरलेली, सुमारे आठ फूट उंचीची, अठरा हातांची देवी तिने पाहिली ती शेंदराच्या जाड थराखालची. पिढ्यान्‌पिढ्या साचलेला तो थर 2022 मध्ये उतरवला गेला आणि मूर्तीचं मूळ रूप उजेडात आलं. ते आजीने अजून पाहिलेलं नाही. तिचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, पण गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे. ‘बसून जायचं देवीला?’ असं तिने दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं ते ट्रॉलीच्या वेळेबद्दल.

तिसऱ्या दिवशी बागलाण. सटाण्याहून ताहाराबाद, पुढे मुल्हेर आणि साल्हेर. इथे वहीतला नकाशा अचानक लिंबायतच्या जवळ येतो. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेची दुसरी स्वारी आटोपून शिवाजी महाराज परतले ते याच बागलाणातून. पुढच्या वर्षी साल्हेर स्वराज्यात आला आणि 1672 मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी लढलेल्या या लढाईत सूर्याजी काकडे पडले. 1567 मीटर उंचीचा साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईखालोखालचं शिखर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत तोही आहे. परशुरामाचं मंदिर असलेल्या त्याच्या माथ्यावर बापलेक जाणार. आजी आणि धाकटा मुल्हेरला थांबणार, बागुल राजांच्या जुन्या राजधानीच्या सावलीत.

चौथा दिवस पिंपळनेर, साक्री, धुळे असा गावाकडे. बळसाण्याला वाकडी वाट करायची का, यावर अर्धा तास गेला. तिथली जुनी देवळं मोडक्या अवस्थेत उभी आहेत, त्यांच्या खांबांवरची नक्षी अजून बोटाला लागते. शेवटी आईने निकाल दिला : दुपारच्या दशम्या तिथेच सोडायच्या.

गावी पोचल्यावरची गंमत तर आणखी वेगळी. ज्या पाटणादेवीला घरातली सगळी नवस फेडायला जातात, तिथल्या शिलालेखाबद्दल घरात कधी बोलणंच झालं नव्हतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, अशी नोंद करणारा शके 1128 चा हा लेख; तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलीने ‘लीलावती’चा कर्ता आपल्या शेजारचा म्हणून वहीत चांदणी काढली. तिथून पुढे, गौताळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी, ख्रिस्तपूर्व काळातली. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याने नाव कोरलं आहे : कण्हदास, सोनार. आईने ते नाव पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. भिंतीशी ठेवलेल्या साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईचं नाव कुठेच येणार नव्हतं.

परतीची वाट कोंडाईबारी घाटातून नवापूरला उतरते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकावर दोन राज्यांची माणसं शेजारी बसू शकतात. धाकट्याला त्या बाकावर मधोमध बसून फोटो हवा. मुलीने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातलं आणखी एक सांगितलं. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरला याच बाजूने जायचा. त्याने नवापूरबद्दल लिहून ठेवलंय, की गाव मोठं आहे, विणकरांनी भरलेलं आहे आणि तिथल्या बारीक, पांढऱ्याशुभ्र तांदळाला कस्तुरीचा वास येतो.

वडील तोवर परमिटचे पैसे मोजत होते. ते थांबले.

‘विणकर? नवापूरला?’

‘हो पप्पा. साडेतीनशे वर्षांपूर्वी.’

आतापर्यंत प्रत्येकाने आपापला थांबा सांगितला होता. त्यांनी फक्त टाकी, कर आणि टायर सांगितले होते. त्यांनी वही स्वतःकडे ओढली. संच्याच्या तेलाने काळवंडलेल्या बोटाने नवापूर शोधलं, मुलीकडून पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘नवापूर – 2 तास. बाजार. तांदूळ.’

आजीने विचारलं, दशम्या किती दिवसांच्या करायच्या.

‘जायच्या वेळच्या बांध,’ ते म्हणाले, ‘येताना नवापूरला जेवू.’