आई आणि बुफे

मागच्या रविवारी आम्ही आईला घेऊन बुफे जेवायला गेलो. चाट, पनीर, बिर्याणी... मुलं तर प्लेट घेऊन पळालीच! आई मात्र खुर्चीवर बसून राहिली. म्हणाली, "वाढायला कोण येतंय?"

शेवटी मीच तिची प्लेट भरून आणली. तिनं आधी लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे सरकवली. भाजी उजवीकडे, भात मधे. अगदी पंगतीतलं पान! मग सावकाश जेवली.

घरी सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी आई आज आमच्याबरोबर गरम गरम जेवत होती. "तू बस, मी वाढते," असं मी घरी कधी म्हटलंच नव्हतं.

गुलाबजाम आणायला मात्र ती स्वतः उठली. दोन आणले. दोन्ही नातवाच्या प्लेटमध्ये.