नॉयलांट आणि माझे भित्तिपत्रक

आजचा धागा एका अक्षरवळणाविषयी आहे, आणि थोडासा माझ्या चुकीविषयीही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात मलिक अंबरवर चर्चासत्र झाले. भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे होते. इंग्रजी शीर्षकासाठी फॉन्टची यादी चाळताना मी एका ठिकाणी थबकलो. जाड, कोनदार, कुऱ्हाडीने लाकूड तासावे तशी अक्षरे. इथिओपियात जन्मलेल्या पुरुषाला हीच शोभतील, असे क्षणार्धात वाटले. का वाटले, हे मी स्वतःला विचारले नाही. सत्रानंतर एका मैत्रिणीने विचारले, "ही अक्षरे कुठली रे?" मी म्हणालो, "आफ्रिकन." ती काहीच बोलली नाही. त्या रात्री मी शोधायला बसलो.

अक्षरे निघाली जर्मन. नाव नॉयलांट, म्हणजे नवी भूमी. १९२३ साली ऑफेनबाखच्या क्लिंगस्पोर या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी रूडोल्फ कोख या सुलेखनकाराने ती घडवली. आधी कागदावर आराखडा काढण्याची रीत त्याने बाजूला ठेवली आणि धातूच्या ठशावर थेट हत्यार चालवले. म्हणूनच एकच अक्षर लहानमोठ्या आकारांत किंचित निराळे दिसते. इंग्रजीतील लहान अक्षरे यात नाहीतच, केवळ कॅपिटल. हाताचा जोर जाणवणारे असे वळण मी दुसरे पाहिलेले नाही. त्याच्या सौंदर्याविषयी माझी तक्रार नाही.

मग आफ्रिका आली कुठून? अमेरिकी मुखपृष्ठांवरून. रिचर्ड राइट यांच्या 'नेटिव्ह सन'च्या एका आवृत्तीवर हे वळण आहे. रॉब जियामपिएत्रो यांनी २००४ च्या लेखात या प्रवासाचा माग काढला आहे. सर्कशीच्या आणि जाहिरातींच्या लाकडी खिळ्यांची आठवण करून देणारे हे अक्षर ओबडधोबड ठरले, आणि ओबडधोबड म्हणजे कृष्णवर्णीय, असे समीकरण छपाईच्या सवयीने रुजवले. १९९३ मध्ये 'ज्युरासिक पार्क'च्या बोधचिन्हावर हेच वळण झळकले. एका मानवसमूहासाठी आणि नामशेष प्राण्यांसाठी एकच अक्षर! मला सर्वाधिक खुपले ते हेच. १९८९ चा लिथॉस हा फॉन्ट तर प्राचीन ग्रीक शिलालेखांवरून घेतलेला. त्याच्या वाट्यालाही हेच 'आफ्रिकी' सोंग आले.

आणि ज्या इथिओपियासाठी मी ही अक्षरे निवडली, तिथे दीड हजार वर्षांहून जुनी, आजही वापरात असलेली गीझ लिपी आहे. ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली आणि तिथे नहरीने पाणी खेळवले, त्या माणसाचे नाव मी कुऱ्हाडीने तासलेल्या अक्षरांत लिहिले होते. अभ्यासाचा विषय दख्खनचा इतिहास, आणि माझ्या डोळ्यांत मात्र सिनेमाचे पोस्टर!

यंदा विभागाने तेच भित्तिपत्रक पुन्हा मागितले. मी शीर्षक देवनागरीत, पुस्तकी साध्या टंकात बसवले. "जरा फिके दिसते," एक प्राध्यापक म्हणाले. दिसते खरे.