निंबापासून कड्यापर्यंत

सुरतेला धाकट्या भावाकडे गेलो की चौक बाजारच्या जुन्या किल्ल्याजवळ मी थोडा वेळ उभा राहतो. समोर तापी असते. मुलताईहून निघालेली ७२४ किलोमीटर लांबीची ही नदी इथे रुंद आणि संथ होते. समुद्र जवळ आलेला असतो.

आपल्या खानदेशात तिचे रूप वेगळे. हजारो वर्षांत तिने इथे गाळाचा जाड थर पसरला आणि आता तोच थर ती कापत चालली आहे. म्हणून आपले काठ उंच, उभे आणि मातीचे.

नदी काठ कसा खाते हे मी वर्गात फळ्यावर वळण काढून शिकवतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याला वेग जास्त, तिथे ते काठाचा पाया पोखरते. आतल्या बाजूला वेग कमी, तिथे वाळू टाकते. एकाचे शेत जाते, समोरच्याची डांगरवाडी पिकते.

पण एक गोष्ट मला पुस्तकाआधी आबांनी शिकवली. भर पुरात पाण्याचाच काठाला टेका असतो. पूर झपाट्याने ओसरला की टेका जातो आणि भिजून जड झालेली माती धाडकन खाली बसते. म्हणून पूर उतरला की आबा बॅटरी घेऊन शेतात जायचे आणि निंबापासून कड्यापर्यंत पावले मोजायचे. माझ्या लहानपणी ती चाळीस होती. मी कॉलेजात गेलो तेव्हा एकवीस उरली.

वाटणीत तोच तुकडा धाकट्याकडे आला. त्यात भागेना, म्हणून तो सुरतेला लूमवर गेला. लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकली की असे किती जण इथे आले ते कळते.

माती तर माणसांच्या आधीच सुरतेला पोहोचली होती. सतराव्या शतकात मोठी जहाजे उथळ नदीतून शहरापर्यंत येत नसत, मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकत. पुढे सुरतेचे बंदर मागे पडले, त्याच्या अनेक कारणांत गाळ हेही एक. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि पुष्कळसा गाळ तिथेच अडू लागला.

ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर आबा आणि मी भावाच्या खोलीवर पोहोचलो. वहिनी फावड्याने चिखल ओढत होत्या. आबांनी चिमूटभर उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "आपलीच आहे."

मी म्हणालो, "आबा, आपली माती उकाईत अडते."

"जाडी अडत असेल. बारीक कुठे थांबते?"

मी गप्प बसलो. वाळू धरणात लवकर बसते आणि बारीक माती पुराच्या पाण्याबरोबर पुढे जाऊ शकते, हे मीच तर शिकवतो.

आता आबा नाहीत. काठाला आम्ही बांबू आणि वाळा लावला आहे. थोडी माती धरली जाते. पूर उतरला की सुरतेहून भावाचा फोन येतो, "दादा, किती पावलं?"

मागच्या पावसाळ्यात नऊ भरली. मी त्याला बारा सांगितली.