घरातला जीबी न् जीबी दिसायलाय!

दिसतंय! घरातलं इंटरनेट कोण किती वापरतं ते चक्क आकड्यांत दिसतंय! परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या घरात फायबर येऊन बरीच वर्षं झाली. महावितरणच्या मीटरवर युनिटं दिसतात, तसं नेटचं मात्र काहीच दिसत नव्हतं. प्लॅन महिन्याला 1000 जीबीचा. महिना संपायच्या आधीच मर्यादा संपल्याचा मेसेज यायचा, स्पीड पार खाली जायचा आणि बोलणी बसायची पुतण्याला. "दिवसभर गेम खेळायलाय, नेट कसं पुरणार?" हा आमच्या घरचा ठरलेला संवाद.

आता तो संवाद बंद झालाय, आणि तोही एका फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे. त्याचं नाव ओपनडब्ल्यूआरटी. 2003 मध्ये लिंक्सिस कंपनीला आपल्या एका राउटरचा सोर्स कोड खुला करावा लागला, त्यातून पुढच्याच वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. आज कितीतरी साध्या राउटरांवर तो चालतो. आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, एवढं मात्र आधी नीट तपासा. भलतीच फाईल टाकली तर राउटर निकामी होऊ शकतो. त्यावर एनएलबीडब्ल्यूमॉन नावाचं छोटंसं पॅकेज टाकायचं आणि ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडायचं. बस्स! घरातल्या प्रत्येक यंत्राची एक ओळ. किती आलं, किती गेलं, सगळं समोर.

पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मी जागचा हललो नाही. एवढी यंत्रं आपल्या घरात आहेत? एका ओळीला नावच नव्हतं, नुसता बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता. पण या पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी शोधता येते! शोधलं, तर निघालं एस्प्रेसिफ, शांघायची चिप बनवणारी कंपनी. मग मी एकेक वस्तू बंद करत घरभर फिरलो. गीझरचा वायफायवाला प्लग काढला आणि ती ओळ थंडावली. कसला आनंद झाला म्हणून सांगू! मोबाइल मात्र ओळखायला जरा अवघड. अँड्रॉइड 10 पासून ते खरा पत्ता लपवून प्रत्येक वायफायला वेगळाच बनावट पत्ता देतात. घरच्या वायफायपुरती ती सेटिंग बंद केली की काम भागतं.

आणि आता पुतण्याचं. त्याच्या गेमची ओळ पाहिली तर अगदीच किरकोळ! खेळताना जा-ये होते ती फक्त कोण कुठे पळालं, कुणी गोळी झाडली एवढ्याच माहितीची. गेमचं अपडेट आलं तरच जीबी जातात. टीव्हीचं वेगळं आहे. एचडी सिनेमाला तासाला 3 जीबीपर्यंत आणि फोरकेला 7 जीबीपर्यंत लागतात, हे नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं.

पण खरा खादाड टीव्हीही नव्हता. एका ओळीत 'आलं'चा आकडा चिमूटभर आणि 'गेलं'चा भलामोठा. फाटकावरचा कॅमेरा! कुणी बघो न बघो, तो रात्रंदिवस चित्रण क्लाउडवर पाठवत होता. गणित मांडून पाहा: सेकंदाला 2 मेगाबिट म्हणजे पाव मेगाबाइट, दिवसाचे सेकंद 86,400. झाले 21.6 जीबी रोज, महिन्याला 648! आणि आमच्या प्लॅनमध्ये पाठवलेला डेटाही मोजला जातो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घातलं, हालचाल झाली तरच क्लाउडवर पाठव असं सांगितलं आणि रस्त्यावरची गुरं-वाहनं चौकटीबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती ओळ जी आक्रसली, ती बघायला मी घरातल्या सगळ्यांना बोलावून आणलं. आई म्हणाली, "पोरगं उगंच बोलणी खायलं होतं बघ."

आईला एकच काळजी होती: ती कोणतं कीर्तन ऐकते तेही यात दिसतं का? नाही. किती गेलं हे कळतं, काय बघितलं ते नाही, आणि मला तेच आवडलं. घरात हिशेब हवा, पाळत नको.

आपल्याकडच्यांनी एक गोष्ट जरूर करावी. हा हिशेब मुळात राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत राहतो. लाईट गेली की सगळे आकडे साफ! आणि परभणीच्या उन्हाळ्यात लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून राउटरला पेनड्राइव्ह लावून नोंदी त्यावर ठेवायला सांगा, किंवा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. मी दोन्ही केलंय.

पूर्णेला मामांच्या घरी तर दोन कॅमेरे आहेत, आणि नेट पुरत नाही म्हणून ते मोठा प्लॅन घ्यायला निघालेत. त्यांना फोन करून सांगितलंय, रविवारपर्यंत थांबा, मी राउटर घेऊन येतोय!