बारातले चार

"काटो, बच्चों, काटो!" बाई म्हणायच्या आणि आम्ही काटायचो. १९७१ साल, ग्वाल्हेरच्या लश्करमधली हिंदी शाळा, सहावीचा वर्ग. फळ्यावर १८/२४. अठरावर तिरकी रेघ, वर तीन. चोविसावर तिरकी रेघ, खाली चार. आकडे मोठे असले की दोनदा-तीनदा काटावं लागे आणि वहीचं पान रेघोट्यांनी भरून जाई. त्या काटण्यात एक आसुरी आनंद होता. समोरचा अपूर्णांक लहान लहान होत जायचा आणि तरी त्याचं काही बिघडायचं नाही.

संध्याकाळी वही धाकट्या काकांसमोर यायची. ते ओसरीवर तबला घेऊन बसलेले असत, हातोडीने गठ्ठे ठोकत. लग्न त्यांनी केलं नाही. तबला आणि आम्ही पोरं एवढाच त्यांचा संसार. अठरा चोविसांश बघून मान वरही न करता ते म्हणाले, "पाऊण."

"पण काका, काटून दाखवायचंय."

"आपल्याकडे जिभेनं आधीच काटून ठेवलंय गं."

खरंच होतं ते. आजोबांनी चौघा मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेतली होती. औट म्हणजे साडेतीन, हे मला काकांकडूनच कळलं. आई भाजीवाल्याकडे कधी सहा अष्टमांश किलो भेंडी मागत नाही, पाऊणच मागते. आजी मात्र काटत नसे. १९५७ साली नवे पैसे आले, तरी तिचा आजार 'बारा आणे' बरा व्हायचा आणि शेजारणीच्या बोलण्यातलं 'चार आणे' खरं असायचं. सोळाचा हिशेब तिने शेवटपर्यंत मोडला नाही.

शाळेत 'सरलतम रूप', घरी 'अतिसंक्षिप्त रूप'. शाळेत 'महत्तम समापवर्तक', घरी 'मसावि'. एकाच गोष्टीची दोन नावं घेऊन मी रोज सकाळी वाड्याचा उंबरा ओलांडत होते. काकांना हिंदी शब्द जास्त आवडे. "त्यात अपवर्तन लपलंय बघ," ते म्हणत. भास्कराचार्यांनी ११५० साली वापरला तो हाच शब्द. दोन्ही संख्यांना एकाच संख्येने भागून लहान करायचं, हे अपवर्तन. तेव्हा आपल्याकडे अंश वर आणि छेद खाली लिहीत, मधे रेघ नसे. रेघ पुढे अरब गणितींनी आणली. "म्हणजे तुझी अर्धी रेघोटी परदेशी," असं म्हणून काका हसायचे.

त्यांचा आवडता शब्द दुसराच होता, आवर्तन. एका अक्षराचा काय तो फरक! ग्वाल्हेर हे ख्यालाचं गाव. इथल्या माधव संगीत महाविद्यालयाची स्थापना १९१८ची, आणि आमच्या गल्लीत तिलवाडा ताल कोणाला कळत नाही असं घर शोधावं लागे. काकांनी मला तीनताल शिकवला आणि वर्षभराने आड शिकवायला घेतली. आड म्हणजे दीडपट लय. सोळा मात्रांत चोवीस बोल.

"चोवीस छेद सोळा. काटलं की तीन छेद दोन," मी शहाणपणा केला.

"बरोबर. दोन मात्रांत तीन बोल, ही चाल कळली. पण चालीनं सम येत नाही. सम यायला सोळा मोजावे लागतात."

मग त्यांनी परीक्षेत विचारतात तो हिशेब मांडला. तीनतालाचा पूर्ण ठेका आडीत वाजवायचा तर सोळा बोलांना दहा मात्रा आणि वर दोन तृतीयांश लागतात. ठेका संपून नेमकी सम यायला हवी, तर सुरुवातीला पाच मात्रा आणि एक तृतीयांश नुसतं थांबायचं. सहाव्या मात्रेचे तीन भाग करायचे. पहिला भाग रिकामा, दुसऱ्यावर 'धा' उचलायचा. माझी चूक नेहमी तिथेच व्हायची. तो रिकामा तुकडा मी खाऊन टाकायचे, हात लवकर पडायचा आणि सम हुकायची. काका डग्ग्यावर हात ठेवून आवाज बंद करत. "जे वाजत नाही तेही मोज."

एका रविवारी ते मला किल्ल्यावर घेऊन गेले. चढणीवर, एकाच खडकातून कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, उंचीला लहानसंच. आतल्या शिलालेखात विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोज ५० माळा, असं दान त्यात नोंदलंय. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघायला जगभरातून माणसं येतात. शेजारच्या अंकांपेक्षा बुटकं, एक छोटंसं वर्तुळ. मी ते डोळे भरून बघत होते, तर काका म्हणाले, "शून्य सगळेच बघतात. तू काट."

मंदिराच्या पायरीवर बसून आम्ही परस्पर भागाकार केला, आर्यभटाच्या कुट्टकाचा जो पाया आहे तो. २७० तून १८७ गेले, उरले ८३. १८७ मधे ८३ दोनदा, उरले २१. ८३ मधे २१ तीनदा, उरले २०. २१ मधून २० गेले, उरला १.

"एक उरला, म्हणजे काटण्यासारखं काही नाही," काका म्हणाले. "सरळ आकडे हवे असते तर तीन आणि दोन घेतले असते. जमीन होती तशी मोजली असणार."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात वाडा विकायचा ठरला. आजोबांचे चार मुलगे, प्रत्येकाचा पाव हिस्सा. काकांच्या मागे कोणी नव्हतं. त्यांचा पाव तिघा भावांत वाटला गेला, प्रत्येकाला बारावा भाग. बाबांचे स्वतःचे बारातले तीन आणि काकांकडून आलेला बारातला एक. ४/१२. बाबांच्या पश्चात तो माझ्याकडे आला. कागदावर मात्र वकिलांनी १/३ असं टाइप केलं होतं. हिशेब चोख होता. वर-खाली चाराने काटलं की एक तृतीयांशच येतो. काटला गेला तो चार मात्र आजोबांच्या मुलांचा आकडा होता. १/३ वाचणाऱ्याला वाटेल की या घरात तीनच भाऊ होते.

मी वकिलांना म्हटलं, चार छेद बारा असंच ठेवता येईल का? ते सौम्यपणे हसले. "मैडम, बात तो एक ही है।"

किंमत एकच होती, त्यावर वाद नव्हता. बात एक नव्हती, पण ते त्यांना कसं सांगणार? खरेदीदार खोळंबले होते. चुलत भाऊ सह्या करून मोकळे झाले होते. मी पेन उचललं आणि टेबलाच्या कडेवर डाव्या हाताची बोटं आपोआप चालू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहाव्या मात्रेचा तो पहिला, रिकामा तुकडा, पुरता एक तृतीयांश. तो मी या वेळी खाल्ला नाही. तो संपल्यावरच सही केली.