कायमचा पत्ता

पवनीत लॉजवर उतरणारा माणूस बहुतेक कामासाठीच आलेला असतो. बियाणांचा एजंट, औषध कंपनीचा एमआर, कालव्याच्या कामावरचा सुपरवायझर, मोटारपंप दुरुस्त करायला नागपूरहून आलेला मिस्त्री, नाहीतर कोर्टाची तारीख असलेला कुणी. खाली दुकानं, वर खोल्या, जिन्याच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत ऑइलपेंट, काउंटरवर गणपती आणि त्याच्या शेजारी क्यूआर कोड. डबल रूम ६०० रुपये. गरम पाण्याची बादली सकाळी ६ ते ८, तीही रात्री सांगून ठेवली तरच.

गेल्या डिसेंबरात मी आणि आई अशा एका लॉजवर तीन रात्री राहिलो. आईचं माहेर याच पवनी तालुक्यातलं. गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे.

काउंटरवरच्या माणसानं आधी आमच्या मागे पाहिलं. "सोबत जेन्ट्स कोणी?"

"नाही जी. आम्ही दोघीच."

मग त्यानं दोन्ही आधार कार्डं मागितली, दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण, कायमचा पत्ता. आई सातवी शिकलेली आहे, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. ती 'येण्याचं कारण'पाशी थांबली. मी म्हटलं, खासगी काम लिही. तिनं 'माहेर' लिहिलं.

त्यानं ते वाचून वर पाहिलं. "माहेर आहे, तर लॉजवर काहून मावशी?"

"गाव बुडालं ना जी."

"बुडितवाले का," तो म्हणाला. एमआर का, बियाणंवाले का, असं विचारावं तसंच. भाडं काही कमी केलं नाही, पण रस्त्याकडची खिडकी असलेली खोली दिली.

'लॉज' हा शब्द आईला नागपुरात शेजाऱ्यांसमोर उच्चारता आला नव्हता. पाहुण्यांकडे चालले, असं तिनं सांगितलं होतं. तिच्या लेखी लॉजवर दोनच प्रकारची माणसं जातात, आणि त्यातल्या एकाही प्रकारात तिला बसायचं नव्हतं. खोलीत शिरल्याबरोबर तिनं पिशवीतून कपडे धुण्याची पावडर काढली आणि बाथरूम घासायला घेतलं. पलंगावरची चादर काढून घरून आणलेली घातली. टीव्हीचं रिचार्ज संपलेलं होतं, त्याचं तिला बरंच वाटलं.

माझा एक मित्र इथिओपियातल्या गोंदरला जाऊन आलाय. सतराव्या शतकात फासिलीदस नावाच्या राजानं तिथल्या उंच पठारावर राजधानी वसवली. शहराच्या मधोमध त्याचे दगडी वाडे अजून उभे आहेत. मित्र तिथल्या स्वस्तातल्या हॉटेलचं वर्णन रंगवून सांगतो. पाणी ठरावीक वेळेला, बल्ब मिणमिणता, पण खिडकीतून चारशे वर्षांपूर्वीचा इतिहास! पवनीच्या खोलीत बसून मला ते आठवलं आणि हसू आलं. आमच्याकडेही सगळं तेच होतं. बादली होती, ठरलेली वेळ होती, आणि इतिहास म्हणाल तर गोंदरपेक्षा कितीतरी जुना, हाकेच्या अंतरावर. फक्त तिथं लोक लांबून तो इतिहास बघायला येतात. इथं रजिस्टरमध्ये आमच्या वरच्या दहा-बारा ओळींत 'फिरायला' असं कारण एकदाही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही आलो होतो एका सहीसाठी.

गाव उठलं तेव्हा आजोबांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. त्यावर मामानं घर बांधलं. आजोबा गेले, मग मामाही गेला. प्लॉट मात्र कागदावर आजोबांच्याच नावे राहिला. आता मामाचा मुलगा, माझा मामेभाऊ, तो स्वतःच्या नावावर करू पाहत होता. त्यासाठी आईचं हक्कसोडपत्र हवं होतं. त्यानं आईला फोन केला नाही, व्हॉट्सअॅपवर मसुद्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आत्या, इथं सही लागेल.' मोबदल्याची रक्कम आली होती तेव्हाही माहेरून तिला कुणी काही बोललं नव्हतं. ते तिला शेजारच्या गावच्या एका बाईकडून, एका लग्नात कळलं होतं.

माझं म्हणणं सरळ होतं. २००५ पासून वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही करायचीच तर हिशेब मागून कर. पहिल्या रात्री अंधारात, दोन पलंगांच्या मधल्या वीतभर जागेत आमचं यावरून बरंच झालं.

"तो प्लॉट घेऊन मी करू काय?" ती म्हणाली. "तिथं माझी विहीर आहे का?"

"मग सही इथं येऊन कशाला? कागद नागपूरला मागवला असता."

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "त्याच्या घरी उतरले असते, त्याच्या हातचं जेवले असते, तर सही जेवणाची झाली असती. मला ती माझी करायची आहे."

मी काही बोलले नाही. खालच्या रस्त्यावरून उसाची का तणसाची एक ट्रॉली बराच वेळ जात राहिली.

दुसऱ्या दिवशी ज्या कार्यालयात काम होतं तिथं साहेब मीटिंगला गेले होते. उद्या या, असं सांगण्यात आलं. त्यामुळे आख्खा दिवस मोकळा मिळाला आणि आईनं तिच्याच तालुक्याचं गाव पहिल्यांदा नीट पाहिलं. लहानपणी ती इथं यायची ती बाजाराला नाहीतर घाटावर, दोन्हीकडे घाईत.

पवनी तटबंदीचं गाव आहे. तीन बाजूंना खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. घाट आणि देवळं इतकी की विदर्भाची काशी म्हणतात. पण त्याच्याही फार आधी इथं बौद्धांचं मोठं केंद्र होतं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जगन्नाथ टेकडीवर खोदलं तेव्हा सांचीच्या मुख्य स्तूपाच्या तोडीचा स्तूप सापडला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर, ज्यांनी ते दान केले त्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. आज टेकडीवर गेलात तर फार काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सांचीसारखं काही डोळ्यांत भरेल या आशेनं जाऊ नका.

म्हणून मी आईला फोनवर फोटो दाखवला. इथलाच एक खांब, इसवी सनापूर्वीचा. पाच फण्यांचा मुचलिंद नाग आणि त्याच्या फण्याखाली एक आसन. बुद्ध ध्यानाला बसला असताना मोठं वादळ आलं, पाऊस थांबेना, तेव्हा या नागानं त्याच्यावर फणा धरला अशी कथा आहे.

"आसन रिकामं काहून?"

त्या काळी बुद्धाची मूर्ती करत नसत, मी सांगितलं. नुसती खूण दाखवायचे. पाऊल, झाड, रिकामं आसन.

तिनं फोटो मोठा करून पाहिला. "आणि खांब कुठं आहे आता?"

"दिल्लीला. राष्ट्रीय संग्रहालयात."

"तोही बुडितवालाच म्हणायचा," ती म्हणाली आणि टेकडी उतरायला लागली.

दुपारी ऑटो करून धरणावर गेलो. गावापासून उत्तरेला, नदीच्या वरच्या अंगाला. 'खुर्द' म्हणजे फारसीत धाकटं. ज्या गावाच्या नावातच धाकटेपण आहे त्याचं नाव विदर्भातल्या सगळ्यात मोठ्या धरणाला चिकटलंय. सरकारी नाव इंदिरासागर, पण ते बोर्डावर. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा आई नुकती लग्न होऊन नागपूरला गेली होती. खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटी. २००९ साली हा राष्ट्रीय प्रकल्प झाला, पुढे अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. भिंत ११ किलोमीटरहून लांब आहे, दरवाजे ३३. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. ज्यांच्या शेतात पाणी पोचलं त्यांना धरण हवंच आहे, आणि त्यांचंही चूक नाही. २०२०च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातून पाणी आलं, तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले आणि खालच्या नदीकाठच्या गावांत पूर शिरला. म्हणजे आधी वरची गावं, मग खालची. नागपूरचं सांडपाणीही नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथंच येतं. आई चाळीस वर्षं नागपुरात राहतेय. आपण टाकलेलं पाणी आपल्याच गावावर साचलंय, असं ती ऑटोवाल्याला हसत म्हणाली. तो हसला नाही.

भिंतीवरून गाव कुठं ते कळणं शक्य नव्हतं. नुसतं पाणी, मध्येच वाळलेल्या झाडाचा एखादा शेंडा, त्यावर पाणकावळे. इथल्या बुडीत गावांतल्या लोकांना २४५.५० हा आकडा पाठ असतो. धरण पूर्ण भरतं तेव्हाची ती पातळी, समुद्रसपाटीपासून इतके मीटर. घर त्या रेषेच्या वर की खाली, यावर आयुष्य ठरलं.

मी फोनवर नकाशा उघडून दिला. आईनं निळ्या रंगावर बोट ठेवलं. "इथं असंल." पण बोट टेकताच नकाशा सरकला. तिनं पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा तिनं एका हातानं फोन घट्ट धरला आणि बोट न टेकवता, नुसतं वर धरून दाखवलं. "इथून नदी वळायची. इथं महादेव. हे आमचं घर." मी मान हलवत राहिले. स्क्रीनवर सगळीकडे एकच निळं होतं.

रात्री लॉजवर काउंटरवाल्याशी गप्पा झाल्या. त्याच्या मते धंद्याचे खरे दिवस जयचे होते. नागझिऱ्याहून आलेला तो प्रचंड वाघ उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्यात राहायला लागला आणि त्याला बघायला लांबलांबून गाड्या यायच्या. जंगलाजवळ जागा नाही मिळाली की लोक इथं उतरायचे. २०१६च्या एप्रिलमध्ये जय दिसेनासा झाला, आजतागायत पत्ता नाही. "तेव्हा रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचे?" मी विचारलं. "वाघ," तो म्हणाला.

सही तिसऱ्या दिवशी झाली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. दोन तास बाकावर, मग सर्व्हर डाऊन, मग फोटो आणि अंगठा. मामेभाऊ समोर उभा होता, खाली बघत. बाबूनं आईला विचारलं, मावशी, कुणाच्या दबावाखाली नाही ना? ती म्हणाली, "नाही. काल रात्री जागून ठरवलं." मसुद्यात तिनं एक बदल करून घेतला होता. तिच्या नावापुढे नुसतं नागपूर होतं, तिथं तिनं आधी माहेरच्या गावाचं नाव घालायला लावलं. ते गाव आता नाही, असं बाबू म्हणाला. मूळ राहणार असं लिहा, ती म्हणाली. त्यानं लिहिलं.

दादा बाहेर आल्यावर म्हणाला, घरी चला. आई म्हणाली, पुढच्या खेपेस. त्याचा चेहरा पडला, पण त्यानं आग्रह केला नाही. मला तेव्हा त्याची पहिल्यांदा दया आली. तोही त्या निळ्यातलाच.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. दादा होता, हातात स्टीलचा डबा. वहिनीनं झिंग्यांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे पाठवले होते. खोलीत एकच प्लास्टिकची खुर्ची. तो तिच्यावर टेकला, आई पलंगावर मांडी घालून, मी खिडकीत. थोडा वेळ कुणालाच काही सुचेना. मग आईनं त्याच्या मुलीचं विचारलं, ती कितवीला, गणित जमतं का. गावठाणातल्या नळाचं विचारलं. गावातला महादेव नव्या देवळात बसवला तेव्हा तोंड कुठल्या दिशेला केलं, हे विचारलं. त्याचं उत्तर द्यायला दादा खुर्ची पुढे सरकवून बसला आणि मग तासभर उठला नाही.

आईनं खाली आवाज देऊन चहा सांगितला. पोरगा तीन कप घेऊन वर आला तेव्हा दादानं सवयीनं खिशात हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली. "खोली माझी आहे."

तिनं ३० रुपये मोजून पोराच्या हातात दिले आणि डबा उघडला.